नियम मोडतो तिथे कण

मामांची नोकरी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत गेली. आधी मोजमाप, मग मत, हा त्यांचा स्वभाव. भाची घन पदार्थांच्या भौतिकशास्त्रात संशोधन करते. निरपेक्ष शून्याजवळ पोहोचूनही शिस्तीत न येणारे चुंबक हा तिच्या जिव्हाळ्याचा विषय. अशा काही स्फटिकांत ‘चुंबकी एकध्रुव’ हिंडतात असे म्हणतात. ते खरोखर असतात, की ती शास्त्रज्ञांची सोयीची भाषा आहे, यावर दोघांचा वाद.

मामा: आधी मला सांग, चुंबकपट्टी तोडली तर काय मिळते?

भाची: दोन छोट्या चुंबकपट्ट्या.

मामा: म्हणजे उत्तर ध्रुव एकीकडे, दक्षिण ध्रुव दुसरीकडे, अशी फारकत कुणी केलेली नाही. १९३१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने कागदावर अशा एकट्या ध्रुवाला, म्हणजे एकध्रुवाला, जागा करून दिली. १९८२ मध्ये स्टॅनफर्डला ब्लास काब्रेरा यांच्या अतिवाहक वेटोळ्यात एकदा संकेत उमटला, तो पुन्हा आला नाही. आणि २००९ मध्ये एकाएकी ‘सापडला’ म्हणून गाजावाजा! इतकी वर्षे जो आकाशपाताळ एक करून मिळाला नाही, तो एका खड्यात सापडला?

भाची: डिरॅकचा एकध्रुव सापडलेला नाही, हे आत्ताच मान्य करते. जे सापडले ते स्फटिकाच्या आतले, त्याच्याबाहेर न येणारे काहीतरी आहे. ते खरे की खोटे, यावर भांडू. पण ते तयार कसे होते ते आधी पाहावे लागेल.

मामा: पाहू. शब्द मात्र मोजून वापर.

भाची: त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन अणू आहेत. प्रत्येक अणू म्हणजे एक बारीक चुंबक, त्याला आम्ही स्पिन म्हणतो. तो वर तरी बघतो नाहीतर खाली. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट दिशा हवी आहे. पहिला वर, दुसरा खाली झाला, की तिसऱ्याने काय करायचे? काहीही केले तरी एका शेजाऱ्याशी बिनसणारच. एकूण आठ रचनांपैकी सहा रचना सारख्याच कमी ऊर्जेच्या निघतात. अशा चुंबकांना फ्रस्ट्रेटेड म्हणतात. असे त्रिकोण जोडून अमर्याद जाळे केले, तर निरपेक्ष शून्यालाही ते एकाच रचनेवर स्थिरावत नाही, हे ग्रेगरी वॅनियर यांनी १९५० मध्ये गणिताने दाखवले.

मामा: आणि उष्मागतिकीचा तिसरा नियम? शून्याला एन्ट्रॉपी, म्हणजे शक्य रचनांच्या संख्येचे माप, शून्य व्हायला हवी ना?

भाची: त्या नियमाला चुंबकाच्या आधी साध्या बर्फाने धक्का दिला. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन असतात, दोन जवळचे आणि दोन लांबचे. बर्नाल आणि फाउलर यांनी १९३३ मध्ये हा नियम मांडला. १९३५ मध्ये लायनस पॉलिंग यांनी हिशेब केला, की हा नियम पाळूनही हायड्रोजनची मांडणी असंख्य प्रकारे करता येते, म्हणून बर्फात काही एन्ट्रॉपी उरलीच पाहिजे. पुढच्याच वर्षी जिओक आणि स्टाउट यांनी ती मोजली. पॉलिंग यांचा हिशेब ०.८०६ कॅलरी दर मोल दर केल्विन, मोजमाप ०.८२.

मामा: हा आकडा आवडला. पण हा बर्फ झाला. चुंबक कुठे आहे?

भाची: डिस्प्रोशियम टायटनेट आणि होल्मियम टायटनेट हे दोन स्फटिक घ्या. त्यांत डिस्प्रोशियमचे किंवा होल्मियमचे अणू चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात. प्रत्येक कोपरा दोन चतुष्फलकांत सामाईक. आजूबाजूच्या अणूंच्या विद्युत क्षेत्रामुळे स्पिनला दोनच दिशा मोकळ्या राहतात: एका चतुष्फलकाच्या आत बघायचे किंवा बाहेर. सगळ्यांत कमी ऊर्जा कधी, तर प्रत्येक चतुष्फलकात दोन स्पिन आत आणि दोन बाहेर असतील तेव्हा. बर्फातल्या दोन जवळ, दोन लांब या नियमाशी हे तंतोतंत जुळते. १९९७ मध्ये हॅरिस, ब्रॅमवेल आणि सहकाऱ्यांनी होल्मियम टायटनेटमध्ये हे ओळखले, आणि स्पिन आइस हे नाव रूढ झाले.

मामा: आणि मोजमाप?

भाची: हिशेब तुम्हीच करा. एका चतुष्फलकात चार स्पिन, म्हणजे सोळा रचना. त्यांतल्या सहा नियमात बसतात. प्रत्येक स्पिन दोन चतुष्फलकांत वाटलेला, म्हणून एका चतुष्फलकाच्या वाट्याला दोन स्पिन, म्हणजे चार शक्यता.

मामा: चार गुणिले सहा भागिले सोळा. दीड.

भाची: दर चतुष्फलकामागे दीड पर्याय. त्यावरून दर मोल डिस्प्रोशियममागे सुमारे १.६९ जूल दर केल्विन एवढी एन्ट्रॉपी उरली पाहिजे. १९९९ मध्ये बेल लॅब्जचे रामिरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिस्प्रोशियम टायटनेटचा विशिष्ट उष्मा मोजून ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. स्पिन मोकाट असताना एन्ट्रॉपी ५.७६ असते. थंड करताना त्यातली ३.९ च्या आसपास निघाली, बाकीची आतच राहिली. उरलेला आकडा पॉलिंग यांच्या आकड्याजवळ होता. त्या निबंधाच्या लेखकांत राहुल सिद्धार्थन आणि बी. श्रीराम शास्त्री होते.

मामा: थांब. शंका माझी इथेच आहे. ०.३ केल्विनवर या स्पिनना हलायला किती वेळ लागतो? तू थर्मामीटर लावून दहा मिनिटांत निघून गेलीस आणि पदार्थ अजून स्थिरावलेलाच नसला, तर उरलेली एन्ट्रॉपी पदार्थाची नाही, तुझ्या घाईची.

भाची: ही शंका काही लोकांनी प्रत्यक्ष तपासली. २०१३ मध्ये एका गटाने खूप थांबून, पदार्थाला समतोलाला यायला पुष्कळ वेळ देऊन विशिष्ट उष्मा मोजला. ०.५ केल्विनच्या खाली तो पुन्हा चढू लागतो, म्हणजे पॉलिंगची शिल्लक हळूहळू निघून जाते, असे त्यांनी मांडले. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने पुन्हा मोजले. त्यांना तो चढ दिसला नाही आणि पॉलिंगचा आकडा टिकला.

मामा: म्हणजे वाद शिल्लक आहे.

भाची: खोल तळाशी काय होते, त्यावर आहे. पण खऱ्या बर्फाचेही तेच झाले, मामा. १९८२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी बर्फात थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळले आणि ७२ केल्विनला हायड्रोजन ओळीत येताना पाहिले. शुद्ध बर्फाला तिथवर पोहोचायला वाटच मिळत नाही, म्हणून तो अडकून राहतो. तळाला अखेरीस शिस्त आली, तरी वरच्या तापमानांच्या पट्ट्यात दोन आत, दोन बाहेर हाच नियम चालतो. माझे म्हणणे त्या पट्ट्यापुरतेच आहे.

मामा: ठीक. पण आतापर्यंत तू फक्त गोंधळाची मोजदाद सांगितलीस. एकध्रुव कुठून आला?

भाची: हा गोंधळ नाही, हेच तर सांगायचे आहे. बघा, प्रत्येक चतुष्फलकात दोन बाण आत येतात आणि दोन बाहेर जातात. जेवढे आले तेवढे गेले. मोकाट गोंधळात असा हिशेब कुठे असतो? जो प्रवाह कुठे सुरू होत नाही आणि कुठे संपत नाही, त्याचे हे वर्णन आहे. एकेका चतुष्फलकापुरता साधा नियम, पण तो सगळीकडे पाळल्याने स्फटिकभर एक क्षेत्र तयार होते, आणि ते गॉसच्या नियमाने वागते. आता एक स्पिन उलटा करा.

मामा: दोन्ही शेजारच्या चतुष्फलकांत नियम मोडेल. एकात तीन आत, एक बाहेर. दुसऱ्यात एक आत, तीन बाहेर.

भाची: आता त्या पहिल्या चतुष्फलकातला आत बघणारा दुसरा एखादा स्पिन उलटा करा.

मामा: तिथले दोन आत, दोन बाहेर होऊन गेले. चूक पुढच्या चतुष्फलकात सरकली.

भाची: आणि जादा नियमभंग एकही झाला नाही. दोन चुका एकमेकींपासून कितीही लांब जाऊ शकतात. २००८ मध्ये कास्टेलनोव्हो, मेसनर आणि शिवाजी सोंधी यांनी दाखवले, की या दोन चुका एकमेकींना कूलोमच्या नियमाने ओढतात. दुप्पट अंतर, चौथाई ओढ. एक उत्तर ध्रुवासारखी, दुसरी दक्षिण ध्रुवासारखी. एकमेकींपासून पार दूर नेल्या तरी लागणारी ऊर्जा मर्यादितच राहते. पट्टीचुंबकात जे कधीच जमले नाही, ते इथे जमते.

मामा: एकटा ध्रुव नसतो म्हणणाऱ्या मॅक्सवेलला घरी पाठवलेस की काय?

भाची: नाही. चुंबकी प्रवाहाची एकही रेषा तुटत नाही. दोन ध्रुवांच्या मधल्या उलट्या झालेल्या स्पिनच्या माळेतून ती परत जाते. त्या माळेलाच डिरॅक तंतू म्हणतात. आणि या ध्रुवाचा भार डिरॅकच्या भाराच्या सुमारे आठ हजारावा हिस्सा. म्हणून मथळ्यांचा आणि माझा काही संबंध नाही.

मामा: तर मग माझे म्हणणे ऐक. स्फटिकात खरे काय आहे? स्पिन. तू ज्याला एकध्रुव म्हणतेस, तो नियम मोडलेल्या जागेला ठेवलेला शब्द. तक्त्यावर शाईचा डाग पडला म्हणून मी डागाला वस्तू म्हणत नाही. डाग सरकला तर तक्ताच बदलला. तुझे सगळे हिशेब मी स्पिन मोजूनच केले असते.

भाची: तुमच्या कारखान्यात पी-टाइप सिलिकॉन असायचे?

मामा: ट्रान्झिस्टर त्याच्याशिवाय होतो का?

भाची: त्यात वाहत काय होते?

मामा: होल. धन भाराची पोकळी. ...कळले कुठे नेतेस ते. नाट्यगृहात एक खुर्ची रिकामी आहे आणि प्रेक्षक एकेक सरकत गेले, तर रिकामी जागा उलट्या बाजूला चालल्यासारखी दिसते. होल म्हणजे तसाच इलेक्ट्रॉनचा अभाव.

भाची: आणि तरी तुम्ही त्याचा वेग मोजलात, वस्तुमान गृहीत धरलेत, दुसऱ्याच्या डेटाशीटमधला आकडा विश्वासाने वापरलात. हॉल परिणामात त्याचे चिन्ह धन आले, तेव्हा त्याला शाईचा डाग म्हणालात का?

मामा: नाही. पण त्याचे कारण ऐक. होलचा आकडा एका प्रयोगात काढला, तर तोच आकडा पुढच्या दहा प्रयोगांत चालतो. माणूस त्यावर पगार घेतो. तुझ्या एकध्रुवाने एका प्रयोगातला आकडा दुसऱ्यात चालवून दाखवला का? नसेल तर तो शब्दच.

भाची: हीच कसोटी मला मान्य आहे, म्हणून सरळ त्यावर येते. स्फटिकाला ठराविक दिशेने चुंबकी क्षेत्र लावले, की ०.४ केल्विनच्या खाली चुंबकत्व एकाएकी उडी मारते. २००३ मध्ये साकाकिबारा आणि सहकाऱ्यांनी ते पाहिले होते. त्यांच्या आलेखात वाफ आणि पाण्यातल्या संक्रमणासारखी रेषा होती आणि ती एका बिंदूवर संपत होती. चुंबकात असे सहसा होत नाही. २००८ च्या निबंधाने सांगितले, हा एकध्रुवांचा विरळ वायू दाटून द्रव होण्याचा प्रकार आहे. आकडे आधीचे होते, अर्थ नंतर कळला. त्यानंतर २००९ मध्ये बर्लिनला डिस्प्रोशियम टायटनेटमध्ये न्यूट्रॉन सोडून डिरॅक तंतूंच्या खुणा पाहिल्या गेल्या. ग्रनोबलच्या न्यूट्रॉन स्रोतावर होल्मियम टायटनेटमध्ये पिंच पॉइंट मिळाले, म्हणजे न्यूट्रॉनच्या नकाशातले चिमटीसारखे अरुंद ठिपके. आले तेवढे गेले या नियमाची ती सही.

मामा: त्याच वर्षी म्यूऑन नावाच्या कणांनीही एकध्रुवाचा भार मोजल्याचे ऐकले होते.

भाची: ऐकलेत ते बरोबर. २०११ मध्ये दुसऱ्या गटाने त्याला हरकत घेतली, ते संकेत एकध्रुवाचे नाहीत असे म्हटले. मी तो पुरावा मांडणारच नव्हते.

मामा: हे मात्र आवडले. वकिलीत कच्चा साक्षीदार मागे ठेवायचा असतो, विज्ञानात तो नावासकट टाकून द्यायचा असतो. पण न्यूट्रॉन ही माझी भाषा नाही. माझ्या भाषेत काही आहे का?

भाची: गोंगाट आहे. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन आणि होल जन्मतात, भेटतात, नाहीसे होतात. त्याचा गोंगाट तुम्ही ओळखता.

मामा: जनरेशन-रीकॉम्बिनेशन नॉइज. त्याचा आलेख विशिष्ट वारंवारितेपर्यंत सपाट असतो, मग वारंवारितेच्या वर्गाने खाली येतो.

भाची: एकध्रुवही जोडीने जन्मतात आणि भेटून नाहीसे होतात. मग चुंबकी क्षेत्रात तसाच गोंगाट हवा. २०१९ मध्ये कॉर्नेलच्या सिमस डेव्हिस यांच्या गटातल्या रितिका दुसाद आणि सहकाऱ्यांनी डिस्प्रोशियम टायटनेटला अतिवाहक वेटोळे लावून तो टिपला. वारंवारिता इतकी कमी, की संकेताची ताकद वाढवून तो कानाला ऐकवता येईल.

मामा: आणि आलेख खाली आला तो वर्गानेच?

भाची: नाही. दोनपेक्षा लहान घातांकाने आला.

मामा: बघ! तुझा कण तुझ्याच भाकिताप्रमाणे वागला नाही. आता काय करणार?

भाची: जे झाले ते सांगते. या प्रश्नाला २०२२ पर्यंत नीट उत्तर नव्हते. मग हालेन, कास्टेलनोव्हो, मेसनर, टेनंट आणि ग्रिगेरा यांनी पाहिले, की एकध्रुवाला सरकण्यासाठी शेजारचा स्पिन उलटावा लागतो, आणि सगळे स्पिन सारख्या वेगाने उलटत नाहीत. एखाद्या स्पिनवर आजूबाजूच्या स्पिनमुळे आडवे क्षेत्र पडते का, यावर त्याचा वेग ठरतो. जिथे ते पडत नाही, तिथला स्पिन फार सावकाश उलटतो. त्यामुळे एकध्रुवाला सगळ्या दिशा मोकळ्या राहत नाहीत, वाट तुटक फाट्यांची होते आणि फ्रॅक्टलसारखी दिसते. त्या वाटेने हिशेब केला तर घातांक जुळतो.

मामा: म्हणजे उत्तर कुठे मिळाले? स्पिनमध्ये. मी तुला तासभर हेच सांगतोय. वरच्या मजल्यावर दिवा गेला तर फ्यूज तळमजल्यावरच बघावा लागतो.

भाची: पण प्रश्न कुठे पडला? एकध्रुवाची कल्पना नसती, तर हा घातांक चुकीचा आहे हे कळलेच नसते. स्पिनचा गोंगाट मोजला, आकडा आला, वहीत नोंदवला. असा का, असे विचारायलाही एकध्रुव लागला. आणि शोध कुठे घ्यायचा हेही त्यानेच सांगितले: एकध्रुव सरकतो कसा तिथे. फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्ये ‘मोअर इज डिफरंट’ या लेखात हीच बाजू मांडली. खालचे नियम पूर्ण माहीत असले म्हणून वरच्या पातळीवरचे प्रश्न सुचत नाहीत. पण तुमची बाजूही इथे खरी ठरली. वरचा कण जन्मला म्हणून खालचा स्पिन विसरता येत नाही.

मामा: तडजोड करतेस?

भाची: तडजोड नाही. उद्भव, म्हणजे अनेक घटकांच्या एकत्र वागण्यातून वरच्या पातळीवर नवे काही उभे राहणे, ही वरून आलेली जादू आहे, असे मी मानत नाही. पण तो नुसता शब्द आहे, हेही मानत नाही. दोन पातळ्यांत उधार-उसनवार चालते, आणि हिशेब रोज मिटवावा लागतो.

मामा: मग तो जिथे मिटलेला नाही, तिथे जाऊ. स्पिन लिक्विड. अँडरसन यांनीच १९७३ मध्ये मांडले, की क्वांटम कंपनांमुळे काही चुंबक शून्यालाही शिस्तीत येणार नाहीत. तेव्हापासून किती पदार्थांवर हे लेबल लागले? हर्बर्टस्मिथाइट आले, २००५ मध्ये शुद्ध करून बनवले, सगळे खूश. मग कळले, जस्ताच्या जागी बरेच तांबे बसलेले असते. इटर्बियम मॅग्नेशियम गॅलेट आले, पसरट न्यूट्रॉन नकाशा दाखवला. मग कळले, मॅग्नेशियम आणि गॅलियम कसेही मिसळलेले, आणि मिसळणीनेही नकाशा पसरट होऊ शकतो. क्रम दिसत नाही, एवढ्यावरून काही नवे आहे म्हणणे म्हणजे बँकेत पैसे दिसत नाहीत म्हणून खाते गुप्त आहे म्हणणे.

भाची: हा तुमचा सगळ्यांत मजबूत मुद्दा आहे. उत्तर देऊन मी तो कमजोर करणार नाही. स्पिन आइस आणि स्पिन लिक्विड यांच्यात हाच फरक आहे. स्पिन आइसमध्ये आकडा आधी सांगितला, मग मोजला. लिक्विडच्या बाबतीत पुष्कळदा फक्त नकार मिळाला: गोठत नाही, रांगेत येत नाही, तीक्ष्ण शिखर दिसत नाही. नकारावर कण उभा राहत नाही.

मामा: तर मग यापुढे कशाला पुरावा मानायचा?

भाची: क्वांटम स्पिन आइस घ्या. तिथे दोन आत, दोन बाहेर हा नियम राहतो, पण स्पिनना एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जायला क्वांटम वाट मिळते. सिद्धांत म्हणतो, तिथल्या क्षेत्रात लाटा उठतील आणि त्या प्रकाशासारख्या असतील, फक्त वेग खऱ्या प्रकाशापुढे नगण्य. सिरियम झिर्कोनेट हा त्यासाठी एक उमेदवार आहे.

मामा: मग माझी अट लिहून घे. एका उपकरणाने, न्यूट्रॉनने, त्या लाटेचा वेग मोजा. दुसऱ्या उपकरणाने विशिष्ट उष्मा मोजा. अशा लाटा असतील तर विशिष्ट उष्मा तापमानाच्या घनाने वाढेल, बरोबर?

भाची: बरोबर, आणि वेग जितका कमी तितका गुणक मोठा. वेगाच्या घनाने भागायचे.

मामा: मग त्या गुणकातून वेग काढा. न्यूट्रॉनने मोजलेला वेग आणि उष्म्यातून काढलेला वेग एकच निघाला, तर मी म्हणेन, कण आहे. त्यासाठी तुझी ही भाषाही वापरीन. पण दोन्ही प्रयोग एकाच तुकड्यावर झाले पाहिजेत, आणि तुकड्यात किती अणू चुकीच्या जागी आहेत, ते आधी छापले पाहिजे.

भाची: मंजूर. आणि आकडे जुळले नाहीत तर?

मामा: तर काय?

भाची: तर कण नाही असे लगेच म्हणायचे नाही. गोंगाटाच्या घातांकाचे आठवा. आधी तुकडा तपासायचा, मग खालच्या पातळीवर काय सुटले ते पाहायचे, आणि तरीही मिटले नाही तर कणाचे नाव मागे घ्यायचे.

मामा: क्रम चालेल. फक्त तिसरी पायरी कागदावरच राहू नये.

भाची: ती कागदावरच ठेवायची असती, तर तुमच्याशी बोलायला आले नसते.